आत्याच्या खात्यातून निघालेलं पत्रक

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, पण त्यांचा जीव अडकलेला असायचा पत्रकांत. पलंगाखाली, कपाटाच्या माथ्यावर, ज्वारीच्या कोठीवर पत्रकांचे गठ्ठे असत; पिवळे, गुलाबी, हिरवट. त्यामुळे 'नमस्कार' लिहिता येण्याआधी मला 'निषेध' लिहिता येत होतं. पहिलीच्या बाईंनी फळ्यावर मनानं एक वाक्य लिही म्हटलं, तेव्हा मी लिहिलं, 'बंधू-भगिनींनो, जागे व्हा.' बाईंनी ते दिवसभर पुसलं नाही. दुपारी डुलक्या घेणाऱ्या वर्गाला ते चांगलं लागू पडतं, असं त्यांनी बाबांना सांगितलं म्हणे.

आमच्या मानवत गावातल्या बुद्धविहाराचं पत्रक दर पौर्णिमेला निघतं. संध्याकाळची वंदना झाली की कुणीतरी उभं राहून ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचतं, मग प्रती वाटल्या जातात. उरलेल्या प्रती बाहेरगावहून आलेल्या पाहुण्यांच्या पिशव्यांत जातात आणि एसटीनं गावोगाव पोचतात. पत्रकावर लिहिणाऱ्याचं नाव नसतं. हा दंडक बाबांच्या आधीपासूनचा आहे. नाव दिसलं की लोक मजकूर सोडून माणसावर बोलायला लागतात, असं बाबा म्हणतात आणि मलाही ते पटतं. एकदा विहार समितीच्या अध्यक्षकाकांना शेवटी बारीक अक्षरांत 'संकल्पना : अध्यक्ष' एवढंच टाकायचं होतं. मी बैठकीत उठून त्याविरुद्ध इतकं बोलले की चहा गार झाला आणि काकांनी संकल्पना मागे घेतली.

पूर्वी पत्रक जुळवायचं, म्हणजे अक्षरं मांडून छापायचं काम बाजारातल्या एका दुकानाकडे होतं. दुकानदार भला माणूस. लग्नपत्रिका छापून छापून त्याला सगळ्यांना खूश ठेवायची सवय लागली होती. कडक शब्द आला की तो आपल्या मनानं जरा मऊ करायचा. एका पौर्णिमेला एक जण पत्रक वाचायला उभा राहिला आणि भर सभेत त्यानं वाचलं, 'आपल्यावर पिढ्यान् पिढ्या गैरसमज झाला.' मूळ कागदावर 'अन्याय' होतं. सभा हसली, मीही हसले, पण घरी जाताना माझा संताप मावेना. त्या दिवसापासून आमचं पत्रक आम्हीच जुळवायचं असं ठरलं, आणि ते काम मी ओढून घेतलं.

विहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका आहे. पोलीस भरती, तलाठी भरती, शिक्षक भरती, जी भरती निघेल तिची तयारी करणारी मुलंमुली तिथं बसतात. एका कार्यालयानं मोडीत काढलेले काही संगणक आम्ही तिथं आणून बसवले होते. सुरुवातीला सगळ्यांचं मिळून एकच खातं होतं. त्यात कुणी कुणाच्या नोट्स उडवायचं, आणि पडद्यावर चित्र कुठलं ठेवायचं यावरून तर रोज भांडण. मग मी ठराव मांडला की ज्याचं त्याला स्वतंत्र खातं, स्वतंत्र परवलीचा शब्द आणि खात्याचं नाव मराठीत. आपल्या खोलीत आपल्या भाषेत शिरता आलं पाहिजे, असं मी म्हणाले. टाळ्या पडल्या. या टाळ्यांनी पुढे मला चांगलंच कामाला लावलं.

पत्रकाचं काम तसं किचकट. लोक मजकूर फोनवर लिहून पाठवतात. पण पत्रकाचा साचा, म्हणजे वरचं नाव, दोन रकाने, कडेच्या रेघा, हे सगळं जुन्या जुळणीच्या प्रोग्रॅममध्ये, जुन्या फॉन्टमध्ये केलेलं. फोनवरची अक्षरं त्यात टाकली की नुसते चौकोन दिसतात. म्हणून आधी मजकूर एका छोट्या प्रोग्रॅममधून जुन्या फॉन्टमध्ये बदलून घ्यायचा, मग साच्यात ओतायचा, जोडाक्षरं तपासायची, फाइल जतन करायची, प्रती काढायच्या. दर वेळी तेच. याला कंटाळून मी एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे साध्या अक्षरांतली एक फाइल. माणूस माउसनं आणि कळांनी जे करतो ते संगणकानं कोणत्या क्रमानं करायचं हे तिच्यात लिहिलेलं असतं. मी ती सुरू करायची, हात बांधून बसायचं आणि पडद्यावर बाण आपोआप फिरताना बघायचा. खिडक्या उघडायच्या, मिटायच्या, आणि शेवटी प्रिंटर खरखरायला लागायचा. अभ्यासिकेतली मुलं पुस्तकं खाली ठेवून बघायला यायची. मला त्याचा फार अभिमान होता.

मग पुण्याला एका प्रकाशनात मुद्रितं तपासायची नोकरी मला लागली. चैत्र पौर्णिमेच्या आधीच रुजू व्हायचं होतं. पत्रक कोण काढणार, असा प्रश्न बैठकीत निघाला तेव्हा आत्या म्हणाली, "मी काढते."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. अंगणवाडीत सेविका होती, आता निवृत्त झाली आहे. सगळं मानवत तिला आत्याच म्हणतं, तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. संगणकावर तिचं खातंही 'आत्या' याच नावाचं. तिथं ती मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अक्षरं मोठी करून बातम्या वाचायची आणि गाणी ऐकायची. पत्रकासाठी तिनं आजवर एक ओळ लिहिली नव्हती. आता मात्र ती म्हणाली की चैत्राच्या पत्रकातला मजकूर तिचाच असेल, जयंतीवर असेल, आणि तो पौर्णिमेला वाचला जाईपर्यंत कुणी बघायचा नाही. मीसुद्धा नाही.

मी विचारलं, मी का नाही. तिनं फोन उचलला आणि जिना चढायला लागली. मग रोजच ती आमच्या गच्चीवर जायची, फोन तोंडापुढं धरायची आणि बोलायची. फोन तिचं बोलणं लिहून घ्यायचा. मी जिन्यात आले की ती थांबायची. खाली उतरून परत आले तरी थांबलेलीच असायची.

अध्यक्षकाका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, शिस्तीचे. ते म्हणाले, आत्यांना जमलं तर आनंदच आहे. पण पौर्णिमेचं पत्रक कधी चुकलेलं नाही, ते चुकता कामा नये. मी पुण्याला जायच्या आत आत्यांनी एकदा करून दाखवावं, नाहीतर मजकूर बाजारातल्या दुकानात द्यावा. दुकानाचं नाव निघताच आत्याचा चेहरा घट्ट झाला. ती म्हणाली की त्या माणसाच्या हातात ती आपला मजकूर देणार नाही. तसं असेल तर तो फोनमध्येच राहील.

म्हणजे आता सगळं माझ्या स्क्रिप्टवर आलं होतं, आणि त्याची मला काळजी नव्हती. माझ्याकडे तर ती रोज चालत होती. मी ती पेन ड्राइव्हवरून आत्याच्या खात्यात नेऊन ठेवली, जुन्याच एका पत्रकाचा मजकूर चाचणीसाठी दिला आणि म्हणाले, आत्या, आता फक्त हे दाब आणि हात बांधून बस.

तिनं दाबलं आणि हात बांधले. अध्यक्षकाका, बाबा आणि अभ्यासिकेतली निम्मी मुलं मागे उभी होती.

बाण निघाला. माझ्या पडद्यावर जिथं जुळणीचा प्रोग्रॅम असतो तिथं तो गेला आणि त्यानं दोनदा टिचकी मारली. पण आत्यानं अक्षरं मोठी केलेली असल्यामुळे तिच्याकडे सगळंच भलत्या जागी सरकलेलं होतं. माझ्याकडे जिथं जुळणी, तिथं तिच्याकडे गाण्यांचा फोल्डर. अभ्यासिकेत एकदम ढोलकी आणि भीमगीत सुरू झालं, तेही पूर्ण आवाजात. बाणाला त्याचं काही नव्हतं. तो ठरल्याप्रमाणे पुढे जाऊन जिथं तिथं टिचक्या मारत राहिला. त्यानं बातम्या मिटवल्या, आत्याच्या नातवाचा बाळपणीचा फोटो उघडला, तो आडवा केला आणि प्रिंटला दिला. मुलं ठेका धरायला लागली. अध्यक्षकाकांनी भिंतीतलं बटण बंद करायला हात उचलला तेवढ्यात गाणं थांबलं आणि पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली. स्क्रिप्टला पत्रकाचा साचा हवा होता. तो होता माझ्या डेस्कटॉपवर, आणि तिथं जायला यंत्रानं नकार दिला होता.

"काय म्हणायलंय ते?" आत्यानं विचारलं.

"परवानगी नाही म्हणतंय."

"कुणाच्या घरात जायाची?"

"माझ्या," मी म्हणाले.

आत्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे पत्रक समद्यांचं, अन् किल्ली तुझ्यापाशी."

ती रागानं बोलली नव्हती. तिला गंमतच वाटली होती. तिच्या हातात नातवाचा आडवा फोटो होता आणि तो तिनं नीट घडी घालून पिशवीत ठेवला. पण मला ते वाक्य घरी येईपर्यंत टोचत राहिलं.

अध्यक्षकाकांनी लगेच तोड काढली. माझं खातं तसंच ठेवायचं, माझा परवलीचा शब्द एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवायचा, आणि ज्यानं पत्रक करायचं त्यानं माझ्या नावानं आत शिरायचं. सोपं आणि आजच्या आज होणारं. मी म्हणाले, नाही. मग मी बरंच काही म्हणाले. आत्यानं माझ्या नावाचा सदरा घालून का बसावं. उद्या कुणी काही खोडसाळपणा केला तर तो माझ्या नावावर का पडावा. आणि पन्नास वर्षांनी मी मेल्यावर विहार माझ्या नावानंच पत्रक काढत बसणार का. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं भाषण झालं असंल तर रविवारची गाडी कितीची हाय ते सांगा. तवर होतंय का बघा."

मी रविवारी जाणार होते. हातात तीन-चार दुपारी होत्या.

दुसऱ्या दिवशी मी स्क्रिप्ट उघडून बसले. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांना संगणकातलं फारसं कळत नाही, पण कुठलाही मजकूर समोर आला की हातात पेन्सिल घेऊन वाचायची त्यांची सवय आहे. ते ओळीमागून ओळ वाचत खाली गेले आणि हसायला लागले. म्हणाले, "अध्यक्षाचं नाव एकदा नको म्हणून भांडलीस. इथं तर ओळीआड तूच हायस."

खरंच होतं. साचा माझ्या नावाच्या घरात, म्हणजे माझ्या खात्याच्या फोल्डरात. बदललेला मजकूर माझ्या नावाच्या घरात. तयार फाइल माझ्या नावाच्या डेस्कटॉपवर. मी मजकुराला निनावी ठेवायला भांडले आणि मजकूर छापणाऱ्या हातावर मात्र माझं नाव गोंदवून ठेवलं. मला एवढं हसू आलं की बाबांनी पाणी दिलं. मग आम्ही दोघांनी मिळून माझी नावं खोडायला सुरुवात केली. ते पडद्यावर पेन्सिलीचं टोक ठेवून दाखवायचे आणि मी पुसायचे. पडद्यावर पेन्सिलीचे बारीक ठिपके उठले, ते अजून आहेत.

नाव पुसलं की तिथं काय लिहायचं? खरं तर काहीच लिहायची गरज नसते, विचारायची असते. आत्ता कोण बसलं आहे आणि त्याचं घर कुठं आहे, हे यंत्राला माहीत असतं. माझ्या नावाच्या जागी तो प्रश्न लिहिला की मी बसले तर माझं घर, आत्या बसली तर आत्याचं. साच्याचं त्याहून सोपं. तो कुणाच्याच डेस्कटॉपवर ठेवायचा नाही. स्क्रिप्टच्या शेजारी, तिच्याच फोल्डरमध्ये ठेवायचा, आणि स्क्रिप्टला सांगायचं की तू जिथं आहेस तिथंच बघ. मग तो फोल्डर उचलून कुठल्याही संगणकावर न्या, ती आपलं सामान बरोबर घेऊनच जाते.

टिचक्यांचं मात्र मुळातूनच बदलावं लागलं. पडद्याच्या डाव्या कडेपासून इतकं आणि वरून इतकं, अशा मापानं मी बाणाला पाठवत होते. ज्याचा पडदा माझ्यासारखा नाही त्याचं घर चुकणारच. आता मी बाण बाजूला ठेवला. प्रोग्रॅमला त्याच्या नावानं हाक मारायची, खिडकी तिच्या मथळ्यावरून ओळखायची, बटण कुठं आहे ते न सांगता त्या बटणाला काय म्हणतात ते सांगायचं. जुना संगणक कधी चटकन उघडतो, कधी दम खातो. म्हणून मोजून थांबायचं नाही, खिडकी खरोखर उघडली का ते बघूनच पुढचं पाऊल टाकायचं.

एवढं केल्यावर मी खुशीत आत्याला बोलावलं. गाणं लागलं नाही. जुळणीचा प्रोग्रॅम उघडला, साचा सापडला, मुलांनी टाळ्या पिटल्या. पण अक्षरं बदलणारा छोटा प्रोग्रॅम अडला. त्याला आत्याचं घरच दिसेना. आत्याच्या खात्याचं नाव मराठीत, आणि तो प्रोग्रॅम इतका जुना की त्याला वाटेत इंग्रजीखेरीज दुसरं अक्षर भेटलं की तो तिथं नुसती प्रश्नचिन्हं बघायचा. 'आत्या'च्या जागी त्यानं प्रश्नचिन्हांची रांग दाखवली.

माझं स्वतःचं खातं, सांगायला जड जातं, इंग्रजी अक्षरांत होतं. ठरावाच्या आधीपासूनचं होतं आणि ते बदलायचं राहून गेलं होतं. म्हणून ही अडचण मला कधी दिसलीच नाही.

मागे उभ्या असलेल्या एका मुलीनं सुचवलं की आत्याचं खातं पुसून इंग्रजीत नवं करावं, पाच मिनिटांचं काम. अध्यक्षकाकांनी मान डोलावली. सगळ्यांचीच खाती मराठीत होती. म्हणजे उद्या ज्याला पत्रक काढायचं त्यानं आधी नाव बदलायचं. मी म्हणाले, तसं होणार नाही. यंत्राला आपलं नाव वाचता येत नसेल तर तो दोष नावाचा नाही. या वेळी मी एवढंच बोलले, कारण पुढचं भाषण करायला वेळ नव्हता.

तोड निघाली ती सार्वजनिक फोल्डरमध्ये. प्रत्येक संगणकात अशी एक जागा असते, जी कुणा एकाच्या घरात नसते आणि जिथं प्रत्येक खात्याला जाता येतं, ठेवता येतं, उचलता येतं. मी रोज तिच्यावरून जात होते आणि कधी आत वाकून बघितलं नव्हतं. मी सगळा कच्चा माल तिथं हलवला. मजकूर आत्याच्या घरातून उचलायचा, सार्वजनिक जागेत आणायचा, तिथं जुन्या प्रोग्रॅमनं अक्षरं बदलायची, मग तयार पत्रक परत आत्याच्या डेस्कटॉपवर आणि तिथला कच्चा मजकूर पुसून टाकायचा. जुन्या प्रोग्रॅमला तिचं घर बघायची वेळच येत नव्हती. बाबा म्हणाले, आता ही स्क्रिप्ट सगळ्यांच्या पाणवठ्यावर आली. मी म्हणाले, उशिरा का होईना.

मग मी आत्याचा एक लाड पुरवला. चूक दाखवणाऱ्या चौकटी इंग्रजीत येतात आणि आत्याला त्या कळत नाहीत, म्हणून मी माझ्या मराठीत चौकटी लिहिल्या. कागद संपला की पडद्यावर यायचं, 'आत्या, कागद संपलाय गं.' प्रिंटर सापडला नाही की, 'आत्या, तार निसटली का बघ.' आत्याला त्या इतक्या आवडल्या की तिनं मुद्दाम दोनदा तार काढून बघितली.

स्क्रिप्ट एका माणसाकडे चालली म्हणजे सगळ्यांकडे चालली असं नाही, एवढं मी आता शिकले होते. म्हणून शनिवारी मी अभ्यासिकेत विचारलं, कुणाच्या खात्यात करून बघू. पोलीस भरतीची तयारी करणारा एक उंचापुरा, पिळदार मिशांचा दादा पुढं आला. त्यानं दाबलं आणि हात बांधून बसला. सगळं सुरळीत झालं, फक्त प्रिंटरमध्ये कागद नव्हता. पडद्यावर चौकट आली, 'आत्या, कागद संपलाय गं.'

दादानं मिशांवरून हात फिरवला आणि गंभीरपणे म्हणाला, "आणते बाई."

त्या दिवसापासून अभ्यासिकेत त्याला धाकटी आत्या म्हणतात. आता तो भरती झाला आहे आणि गणवेशात आला तरी हाक तीच. मी मात्र हसता हसता वरमले. माझं नाव पुसून मी तिथं आत्याचं लिहून ठेवलं होतं. सगळ्या चौकटींतून आत्याला काढलं. 'कागद संपला आहे. कागद घाला.' रुक्ष झालं, पण कुणालाही लागू झालं. मग शेवटची खात्री म्हणून 'पाहुणा' नावाचं कोरं करकरीत खातं काढलं, ज्यात कुणाची सोय नाही, सवय नाही, कुठली मांडणी नाही, आणि त्यात स्क्रिप्ट चालवली. तिथं प्रिंटरच नेमलेला नव्हता. म्हणजे खातं नवं असलं की यंत्राला कुठल्या प्रिंटरकडे जायचं ते ठाऊक नसतं. मग कुठला हवा ते विचारणारी आणखी एक चौकट लिहिली. त्यानंतर पाहुण्याकडेही पत्रक निघालं.

रविवारी दुपारी आत्यानं तिच्या खात्यात बसून, माझ्याकडे पाठ करून, मी खोलीबाहेर असताना सगळं एकटीनं करून दाखवलं. चाचणीचा मजकूर अर्थात जुनाच होता. खरा तिनं फोनमधून काढलाच नाही. अध्यक्षकाकांनी निघालेलं पत्रक उजेडाला धरून बघितलं आणि म्हणाले, चालतंय. मी मानवत रोड स्टेशनला जाऊन गाडी पकडली.

पौर्णिमेच्या दिवशी पुण्यात माझं कामात लक्ष नव्हतं. मी कुणाचं तरी स्वयंपाकाचं पुस्तक तपासत होते आणि दर थोड्या वेळानं फोन बघत होते. आत्याला फोन करायचा नाही असं मी स्वतःला बजावलं होतं. केला असता तर तिनं विचारलं असतं, मी सांगितलं असतं, आणि मग पत्रक तिनं काढलं असं म्हणता आलं नसतं. बाबांनाही मी बजावलं होतं की अडलं तरी मला कळवू नका. ते म्हणाले होते, बरं. आता ते खरोखरच कळवत नव्हते आणि मला त्याचाच राग येत होता. वंदनेची वेळ झाली. ती टळून गेली. जेवायच्या सुमाराला बाबांचा एकच फोटो आला: घडी उलगडलेलं पत्रक, आत्याच्या मांडीवर ठेवलेलं. खाली दोन शब्द होते, 'निघालं. वाच.'

मी फोटो मोठा करून वाचायला लागले. रकाने सरळ होते, जोडाक्षरं जागेवर होती, कडेच्या रेघा जुळल्या होत्या. मी आधी तेच बघितलं, हे कबूल करते. मग मजकूर वाचला.

तो माझ्याविरुद्ध होता. आदल्या पौर्णिमेच्या पत्रकात मी लिहिलं होतं की जयंतीच्या मिरवणुकीत डीजे लावून नाचणं बंद करावं आणि तो पैसा अभ्यासिकेच्या पुस्तकांना द्यावा. निनावी लिहिलं होतं, पण मानवतमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. आत्यानं कुणाचं नाव घेतलं नव्हतं. तिनं लिहिलं होतं की पुस्तकं आणाच, त्याला कुणाची ना नाही. पण ज्या रस्त्यानं माझी आई डोक्यावर ओझं आणि मान खाली घालून जायची, त्याच रस्त्यावर गेल्या जयंतीला मी आयुष्यात पहिल्यांदा नाचले. मान वर करून नाचले. माझे गुडघे दोन दिवस दुखले आणि मला त्याचं काही वाटलं नाही. लेकीबाळींना कोणी नाचू नका म्हणत असेल तर त्यानं आधी त्या रस्त्यानं माझ्या आईसारखं चालून बघावं. आवाज कमी करा म्हणा, आम्ही करू. नाचू नका म्हणू नका.

मला राग आला. खरंच आला. त्यात डीजेच्या धंद्याबद्दल एक शब्द नव्हता, आजारी माणसांबद्दल नव्हता, माझ्या मुख्य मुद्द्याला तर तिनं हातच लावला नव्हता. मी माझ्या खोलीत येरझाऱ्या घालत तिला मनातल्या मनात उत्तरं द्यायला लागले. मध्येच माझ्या लक्षात आलं की हा मजकूर माझ्या खात्यातून जाणार असता, तर मी तो नक्की वाचला असता आणि दुकानदारासारखा मऊही केला असता. कदाचित 'नाचू नका म्हणू नका' हे वाक्य 'पुनरुक्ती' म्हणून काढलं असतं. ती गच्चीवर मला बघून का थांबत होती ते मला तेव्हा कळलं.

मग मी फोन केला. मागे भांड्यांचा आणि बायकांच्या हसण्याचा आवाज होता. खिरीची पातेली घासायचं चाललं होतं. आत्यानं सांगितलं की पत्रक धाकट्या आत्यानं उभं राहून वाचलं आणि शेवटचं वाक्य त्यानं दोनदा वाचलं. अडलं का कुठं, मी विचारलं. ती म्हणाली, एकदा कागद संपला होता, तर यंत्रानं सांगितलं, घातला. एवढंच.

मी म्हणाले, "आत्या, तुझं मला पटलं नाही. मी उत्तर लिहिणार आहे."

"लिही की. कुणी धरलंय," आत्या म्हणाली. "पण एका रकान्यात बसव. आमच्याकडं जागा कमी हाय, अन् तू लय लांबड लावतीस."

मी कागद पुढे ओढला. पहिलं वाक्य लिहिलं, ते फारच मोठं झालं होतं. ते खोडलं आणि लहान करून पुन्हा लिहायला लागले.